टेकलेली पाठ

आमच्या ज्युजित्सूच्या वर्गात तालमीतला एक पैलवान आला. पहिल्याच झटापटीत त्याने आमच्या वर्गातल्या मुक्ताला उताणं पाडलं आणि तो हसला, "पोरी, पाठ टेकली. संपलं की!" तालमीत कुस्ती तिथेच संपते. मुक्ताने मात्र पडल्यापडल्या त्याच्या कमरेला पायांचा विळखा घातला. तिचा खांदा दाबायला त्याने हात सरळ ताणला, आणि तिला तोच हवा होता. तो हात तिने छातीशी घट्ट धरला, एक पाय त्याच्या मानेवरून टाकला आणि कंबर सावकाश उचलायला लागली.

लांबून पाहणाऱ्याला वाटावं, काय माया आहे! लेकरू धरावं तसा धरला होता तो हात. घाई रागाला असते. क्रूरपणाला कसली घाई?

हरणाऱ्याने चटईवर थापटायचं आणि दुसऱ्याने लगेच सोडायचं, हा इथला नियम. पैलवानाला थापटायची लाज वाटत होती. कोपर उलटं वाकायला लागलं तेव्हा थापटलंच त्याने. मुक्ताने सोडलं, पण एक श्वास सावकाश घेऊन मग.

तो कोपर धरून कण्हत बसला. ती उठलीसुद्धा नाही.

"दादा," ती म्हणाली, "माझी पाठ अजून टेकलेलीच आहे."