पास्टरांना मुलगा कसा?

ख्रिश्चन धर्मातलं मला सगळं कळतं, असं आमच्या चाळीत एकाच माणसाचं ठाम मत होतं. तो माणूस म्हणजे मी.

माझा अभ्यासही तसाच दांडगा होता. अंधेरीला आमच्या म्युन्सिपाल्टीच्या शाळेची आणि चर्चची भिंत एकच. दहा वर्षं मी त्या भिंतीवर बसून काढली. (वर्गात बसलो असतो तर मॅट्रिकला दोनदा बसावं लागलं नसतं!) शिवाय शेजारच्या फिलोमेना आंटीकडून दर नाताळाला येणारं नेवऱ्या-कलकलांचं ताट मी एकटा संपवायचो. माणसाला आणखी काय शिक्षण लागतं?

त्यामुळे धाकट्या बहिणीनं, संध्यानं, ऑफिसातल्या सॅम्युअलशी लग्न करायचं म्हटलं तेव्हा घरात सगळे हादरले, पण मी नाही. आई रडली. बाबा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. गिरणी सुटल्यापासून ते दूध केंद्र चालवायचे आणि पहाटे गिऱ्हाइकांवर ओरडून घसा मोकळा करायचे. त्या दोन दिवसांत तेही बंद! तिसऱ्या दिवशी म्हणाले, "एकदा येवंदेत त्यांका. माणसां बरी वाटली तर बघूया. नायतर कणकवलीचा स्थळ आसाच."

म्हणजे एकच भेट. तीत जमलं तर सॅम, नाहीतर कणकवली.

"दादा," संध्या मला बाजूला घेऊन म्हणाली, "पाया पडते तुझ्या. त्या दिवशी शहाणपणा करू नकोस. आणि ऐक, ते लुथरन आहेत."

"अगं, ते आडनाव गं त्यांचं. डिसोझा, परेरा, लुथरन."

"आडनाव नाही रे! पंथ आहे त्यांचा. कॅथलिक वेगळे, हे वेगळे. त्याचे वडील पास्टर आहेत मुलुंडला. आंध्रातले, पण पंचवीस वर्षं इथेच." एवढं बोलून ती ऑफिसला पळाली.

मी मात्र जागच्या जागी बसलो. पास्टर म्हणजे पाद्री. आणि पाद्री लग्न करत नाहीत, हे तर भिंतीवर बसणाऱ्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं!

"आई," मी हळूच म्हणालो, "यात भानगड आहे."

बाबा आतल्या खोलीत होते, पण भानगड म्हटलं की त्यांना अंधेरीहून बोरिवलीपर्यंतचं ऐकू येतं. बाहेर येऊन मी काय सांगतोय ते त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मगे पाद्र्याक झील कसो?"

"तेच तर ना बाबा! अनाथाश्रमातून आणला असेल. नाहीतर..." पुढचं मी डोळ्यांनी सांगितलं. आईनं पदर तोंडाला लावला.

शेवटी मीच मोठ्या मनानं निर्णय दिला. "पोराचा काय दोष त्यात? मुलगा चांगला आहे. त्या दिवशी फक्त त्याच्या आईचा विषय कोणी काढायचा नाही. अवाक्षर नाही!"

मग मी तयारीला लागलो. पाहुण्यांना आपलं घर परकं वाटता कामा नये. फिलोमेना आंटीकडून मदर मेरीची हातभर उंचीची मूर्ती आणली, एक जपमाळ आणली, भिंतीवरचा क्रूस आणला, दोन संतांच्या तसबिरी आणल्या.

"ते कॅथलिकच आहेत ना रे?" आंटीनं विचारलं.

"आंटी, क्रिश्चन म्हणजे क्रिश्चन!"

"रविवारी संध्याकाळी परत पायजे हां. माझ्याकडे प्रेयर आहे."

रविवारी टीव्हीवरचा गणपतीचा फोटो मी कपाटात ठेवला आणि तिथे मदर मेरीची स्थापना केली. आईला राहवेना. तिनं झेंडूचा हार घातला, उदबत्ती लावली, पुढ्यात नारळ ठेवला आणि मी मेणबत्त्या आणायला खाली गेलो तेवढ्यात मूर्तीला ठसठशीत हळदकुंकूही लावलं. मला ते तसं शोभूनच दिसलं. मग मी सगळ्यांना कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा असा क्रूस करायला शिकवलं. बाबांना चार वेळा शिकवलं, पण शेवटी ते दोन्ही कान पकडायचेच.

पाच वाजता बेल वाजली. दार उघडलं आणि माझा पहिला आडाखा तिथेच कोसळला. लांब पांढरा झगा नाही, काही नाही. साध्या शर्टपँटमधले एक गृहस्थ, मागे सॅम, आणि त्याच्यामागे पांढरी साडी नेसलेल्या एक बाई.

बाई! हे ठरलेलं नव्हतं. घाबरून मी एक गुडघा जमिनीला टेकला आणि गृहस्थांचा हात धरला. "फादर, आशीर्वाद!"

"अरे, अरे! उठा!" त्यांचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं होतं. "मी फादर नाही. पास्टर म्हणा. आणि ही माझी बायको, सॅमची आई."

आईच्या हातातली पोह्यांची बशी तिरकी झाली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आता सगळी इज्जत माझ्या हातात! संध्याचा संसार वाचवायचा तर मलाच काहीतरी उदार बोलायला हवं होतं.

"काही हरकत नाही, फादर," मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आमच्या मनात तसं काही नाही. माणूस आहे, चूक होते."

"कसली चूक?"

"हीच... लग्नाची!"

"दादा!" संध्या किंचाळली. सॅम बिचारा मान खाली घालून बुटाची नाडी बांधत बसला. (बूट त्यानं बाहेरच काढले होते!)

पास्टरांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यांच्या लक्षात आलं. "अहो, आमच्यात पास्टर रीतसर लग्न करतात! ज्यांच्यापासून आमची मंडळी सुरू झाली, ते स्वतः मठ सोडलेले संन्यासी, आणि त्यांनी मठ सोडलेल्या ननशीच लग्न केलं. सहा मुलं झाली त्यांना!"

"सहा!" आईच्या तोंडून निघालं.

तेवढ्यात पास्टरबाईंची नजर टीव्हीकडे गेली. हळदकुंकू लावलेली मदर मेरी, झेंडू, नारळ. "हे कोणी मांडलं?" त्यांनी विचारलं. आमच्या घरात एकी कधी नसायची, पण त्या क्षणी सगळी बोटं माझ्याकडे वळली.

"मेरीला आम्ही मान देतो," पास्टर जपून म्हणाले, "पण तिची प्रार्थना करत नाही. जपमाळ नाही. संतांनाही नवस नाही. क्रूस मात्र आमचाच." (शंभरातला एक मार्क मिळाला!)

संध्या रडायच्या बेतात होती. मला कणकवली दिसू लागली.

बाबा उठले. "ह्यो माझो झील. ह्येका कायेक कळना नाय. तुमी मनार घेव नकात," ते म्हणाले. "पण माका एक सांगा. संत नाय, नवस नाय, मगे तुमी देवाक गाऱ्हाणा घालतास ता कोणाच्या मार्फत?"

"थेट," पास्टर म्हणाले. "मध्ये कोणी नाही. दाखवू?" त्यांनी डोळे मिटले, हात जोडले. "हे प्रभू, या घरावर तुझी कृपा असू दे."

"व्हय म्हाराजा!" बाबा खणखणीत गरजले.

आमच्या गावी देवापुढे गाऱ्हाणं घालतात तेव्हा दर वाक्याला जमलेल्यांनी असंच म्हणायचं असतं. पास्टरांनी एक डोळा उघडला, बाबांना बघितलं आणि पुन्हा मिटला. "या दोन मुलांना सुखात ठेव."

"व्हय म्हाराजा!" आता आईसुद्धा.

"आमचा पण तसाच," बाबा खाली बसत म्हणाले. "थेट. पोहे घेवा, थंड होतत." संध्या आत जाऊन हुंदके देऊन रडली आणि मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं की मीही डोळे पुसले.

तेवढ्यात मूर्ती न्यायला फिलोमेना आंटी आली. कपाळावरचं कुंकू बघून तिनं माझ्या सात पिढ्या काढल्या. पास्टरबाई उठल्या, खोबरेल मागितलं आणि पदराच्या टोकानं आंटीबरोबर ते कुंकू पुसत बसल्या. एक मेरीची प्रार्थना करणारी, एक न करणारी. दोघींचं एका गोष्टीवर मात्र एकमत झालं, ते माझ्याबद्दल होतं.

लग्न मुलुंडच्या चर्चमध्ये झकास झालं. मी शेवटच्या बाकावर हात बांधून बसलो होतो, संध्याची तशी अटच होती. तेव्हापासून दर नाताळाला आम्ही पास्टरांकडे जेवतो. जेवणाआधी ते प्रार्थना करतात, सगळ्यांची नावं घेतात आणि शेवटी न चुकता म्हणतात, "आणि प्रभू, ज्यांना काहीच माहीत नसताना सगळं कळतं, त्यांनाही सांभाळ."

सगळे हळूच "आमेन" म्हणतात. फक्त माझे सख्खे वडील माझ्याकडे बघत, खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असे गरजतात, "व्हय म्हाराजा!"