भार काढून घेतलेलं हाड

"आई गेली, मावशी," कुसुमच्या मुलानं, मिलिंदनं, फोनवर सांगितलं तेव्हा मी रडले नाही, भडकले. "बाथरूममध्ये पडल्याचं निमित्त झालं, खुबा मोडला, शेवटी न्यूमोनिया..." म्हणजे सगळा दोष ओल्या फरशीचा! महिना झाला, अजून राग उतरत नाही.

आम्ही दोघी नाशिकच्या कॉलेजात बीएस्सीला एका बाकावर. मी तेव्हा स्वतःला फार हुशार समजायचे. पेन्सिली टोकदार, अक्कल बोथट. प्रॅक्टिकलला सूक्ष्मदर्शकाखाली स्पाँजी बोन होतं, हाडाचा आतला सच्छिद्र भाग. मी डोकावलेसुद्धा नाही. पाठ केलेली टणक हाडाची गोल गोल वर्तुळं काढली, वर झकास शेडिंग. कुसुमनं वही ओढली. "सुले, जिलब्या कसल्या तळतेस? आत बघ तरी!" बघितलं, तर बारीक काड्यांची जाळी आणि मधल्या पोकळ्यांत अस्थिमज्जा. "किती वेडीवाकडी गं," मी म्हटलं. "वेडीवाकडी तू! जिकडून भार येतो तिकडे काड्या वळतात, दाट होतात. भार काढला की हाड स्वतःच त्या खाऊन टाकतं."

पुढे जन्मभर तिनं हेच शिकवलं, फळ्यावर खुब्याच्या हाडातल्या कमानी काढून. आणि अशा बाईचं आम्ही काय केलं? पाठ दुखते म्हणाली, तर मुलानं गच्चीचा जिना बंद केला, सुनेनं कणकेची परात काढून घेतली, डॉक्टर म्हणाले, वयच झालंय. आणि मी, चार नातवंडांची शहाणी आजी? गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात तिच्या हातातली भाजीची पिशवी हिसकावली. "बस की आता, किती मिरवशील!" ती म्हणाली, "मला खुर्चीत गाडू नकोस, सुले." मी खो खो हसले. हॉस्पिटलात तिचा एक्स-रे बघितला... त्या कमानी पुसट झाल्या होत्या. तुझाही राग येतो, कुसुम. वर्गात छडीसारखी बोलणारी तू, घरात गप्प कशी बसलीस?

परवा मिलिंद म्हणाला, "मावशी, आईची आरामखुर्ची तुम्ही न्या, उपयोगी पडेल." मी म्हटलं, "भंगारात घाल ती. गच्चीची किल्ली दे." गुडघ्यांच्या शिव्या ऐकत वर गेले. कपडे वाळत घालायची तिची दोरी तशीच होती, मुद्दाम उंच बांधलेली, टाचा उचलल्याशिवाय हात पोचू नये म्हणून. मी टाचा उचलल्या. बोटं पोचली नाहीत. खालून मिलिंद ओरडत होता, "मावशी, पडाल!" मी पुन्हा टाचा उचलल्या.