थेट राजाकडून आलेली गाडी

आमच्या काकांकडे उघड्या टपाची विलायती गाडी होती, हे मी ऑफिसात कधी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, "कुठून आणली?" त्या प्रश्नाला मी आयुष्यात एकदाच खरं उत्तर दिलं, आणि त्या एका उत्तरावर घरात सत्यवादी म्हणून मिरवत आलो. ते ओझं आता पेलवत नाही.

गिरगावात आमच्या वाडीत बदामाच्या झाडाखाली गाडी उभी असायची. आम्ही प्रभू. आजोबांच्या काळी वाडी आमची होती, काकांच्या काळी वाडीतल्या तीन खोल्या आमच्या होत्या, आणि काकांचा रुबाब मात्र अजून अख्ख्या वाडीचा. गाडीचंही तसंच. पुढून बघाल तर लांब नाक, चंदेरी जाळी, मोठाले दिवे. बघणाऱ्याने आपोआप बाजूला व्हावं. मागे गेलात तर एक दार सुतळीने बांधलेलं. मागच्या सीटपुढे काकूंची जुनी सतरंजी अंथरलेली असे, आणि ती उचलली की खाली रस्ता दिसे.

टप उघडा होता आणि उघडाच राही. ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. एका प्रभातफेरीला काकांनी गाडी दिली, तर एक वजनदार वक्ते घडी केलेल्या टपावरच चढून उभे राहिले. टपाच्या कांबी वाकल्या त्या वाकल्या. काकू म्हणायच्या, "अहो, जरा ठोकून घ्या ना त्या." काका म्हणायचे, "चळवळीसाठी वाकल्यात. मी कोण सरळ करणार?"

आता मालकीबद्दल. पहिला मालक एक छोटासा संस्थानिक, हे अगदी खरं. संस्थान गेल्यावर गाडी मुंबईला आली आणि वरळी कोळीवाड्यातल्या एका बाईंनी घेतली. बाईंच्या स्वतःच्या होड्या होत्या. राजाने जिथे राणीला बसवलं तिथे बाईंनी बर्फ, पाट्या आणि सुके बोंबील बसवले. गाडीचा तळ खाऱ्या पाण्याने खाल्ला तो तिथेच. पुढे बाईंनी टेम्पो घेतला आणि गाडी काकांना दिली. देताना एकच अट घातली. "गारी ने दादा, पन माजे पोरीचे वरातीला ती यायला पायजे." काकांनी बाईंच्या हातावर हात ठेवून शब्द दिला.

वाडीत आल्यावर मात्र काकांनी मधला मालक गाळून टाकला. दुपारी ऊन तापलं की सीटमधून बोंबलाचा वास उठायचा, म्हणून काका वाळ्याचं अत्तर शिंपडत आणि पुढे उदबत्ती खोचत. गंमत बघा, आमच्या घरात मासळीशिवाय पान हलत नसे. सोमवारीही काकांचं लक्ष मंगळवारच्या सुरमईकडे. पण गाडीला मासळीचा वास आलेला त्यांना चालायचा नाही.

माझं लग्न ठरत होतं तेव्हा दादरची मंडळी आमच्याकडे आली. मुलगी, तिचे वडील आणि आई. तीही आमच्यातलीच माणसं, वडील रेल्वेत हेडक्लार्क. परत जाताना काकांनी त्यांना गाडीतून पोचवायचा हट्टच धरला. वाटेत मुलीच्या वडिलांनी सीटवरून हात फिरवत विचारलं, "राजाकडची म्हणे?"

"थेट," काका म्हणाले.

मी पुढे बसलो होतो. मी समोरच्या रस्त्याकडे बघत राहिलो. मुलीच्या वडिलांनी एकदा मोठा श्वास घेतला. मग म्हणाले, "वरात ह्याच गाडीतून आणा. आमच्या बिल्डिंगने बघू दे."

त्यांना सोडून आम्ही लालबागवरून परतलो, आणि तिथे माझी परीक्षा झाली. त्या दिवसांत गिरणगावात उघडी गाडी दिसली की पुढारी आले असंच धरत. गिरणी सुटलेली होती. बघता बघता गर्दीने गाडी अडवली. कोणीतरी म्हणालं, "सायेब, दोन शब्द बोला." काका खुशीत. मला कोपराने ढोसत म्हणाले, "ऊठ, बोल की." मी उभा राहिलो. समोर एवढी माणसं, सगळी माझ्याच तोंडाकडे बघतायत. कसंबसं "झालाच पाहिजे" एवढं निघालं आणि मी खाली बसलो. मागून एक जण म्हणाला, "काय रे झालाच पाहिजे? पयला अर्धा कुठं ठेवलास?"

त्यावर उठलेली हशाची लाट माझ्या कानांतून पुढे कित्येक दिवस गेली नाही. गिरगाव ते दादर, मुंडावळ्या बांधून, त्याच रस्त्याने, त्याच उघड्या गाडीतून जायचं? आणि लालबागला कोणी पुन्हा दोन शब्द मागितले तर? लग्नापेक्षा मला वरातीचीच धास्ती बसली.

अशात वरळीच्या बाई नारळ, कुंकू आणि पापलेटांची जोडी घेऊन वाडीत आल्या. पोरीचं लग्न ठरलं होतं. दिवस नेमका माझ्या लग्नाचा.

"दादा, गारी येल ना?"

काका म्हणाले, "बघू."

बाईंनी काकांकडे नीट पाहिलं. "बघू नको. सांग. पोरीनं वाड्यात सगल्यांना सांगितलंय." आणि त्या गेल्या.

काका म्हणाले, "बिघडली म्हणून निरोप धाडू."

काकू पापलेटं धूत होत्या. "मग ही परत पाठवू का?"

काकांनी पापलेटांकडे पाहिलं. ती पापलेटं परत पाठवण्याची ताकद त्यांच्यात नव्हती, आणि दादरला जाऊन "थेट" हा शब्द मागे घेण्याचीही नव्हती. गाडी दिली नाही तर कोळीवाड्यात त्या मुलीची मान खाली जाणार. दिली तर दादरला आमची.

"मी जातो दादरला," मी म्हणालो.

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "आजोबांवर गेलास." मी आजोबांवर गेलो नव्हतो. गाडी गेली की मला टप ओढलेल्या व्हिक्टोरिया घोडागाडीत खाली मान घालून बसता येईल, हा एकच विचार माझ्या डोक्यात होता. कोळीवाड्यातल्या मुलीचा विचार मी ट्राममध्ये बसल्यावर केला, तोही सासऱ्यांना सांगायला बरा पडेल म्हणून.

दादरला मुलीचे वडील बनियनवर बसले होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं: राजा, बाई, बर्फ, शब्द, सतरंजीखालचा रस्ता. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे बोंबीलच," ते म्हणाले. "मी हिला म्हटलं होतं."

आतून मुलीचा आवाज आला, "बाबा, जवळा होता तो. बोंबलाचा वास असा नाकात चढत नाही."

"तू मला बोंबील शिकवू नकोस."

मासळी खाणाऱ्या घराला मासळीचा वास कळणार नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. मी खाली मान घालून उभा. शेवटी ते म्हणाले, "शब्द दिलाय ना बाईंना? मग गाडी तिकडे जाऊ दे. तुम्ही ट्रामने या, पण मुहूर्त चुकवू नका. आणि बाईंना विचारा, बोंबील होता की जवळा."

लग्नाच्या दिवशी गाडी वरळीला गेली. तिला हँडल मारून चालू करणं काकांशिवाय कुणाला जमत नव्हतं, म्हणून काकाही गेले. आमच्या पंगतीत ते उशिरा उगवले, टोपीवर अक्षता, गळ्यात झेंडूचा हार. कोळीवाड्यात बँडपुढे नाचले होते. बाईंचा निरोप सासऱ्यांना त्यांनी पानावर बसायच्या आधी दिला. दोन्ही होतं.

बायको माझ्या खरेपणाची गोष्ट येईल त्याला सांगते, आणि ती सांगू लागली की मी उठून गॅलरीत जातो. परवा मात्र बसून राहिलो. पाहुणे गेल्यावर तिला सगळं सांगितलं: लालबाग, तो अर्धा शब्द, टप ओढलेली व्हिक्टोरिया. म्हटलं, मी खरा बिरा काही नाही, मला चारचौघांत बोलायची भीती होती.

ती कोलंबी सोलत होती. हात थांबला नाही.

"तुम्ही गेल्यावर बाबा काय म्हणाले माहितीय?" ती म्हणाली. "मुलगा चांगला आहे, पण बोलतो फार."