आठ दिवस नववं प्रकरण

आमच्या नगरच्या स्विमिंग पूलवर सकाळच्या बॅचला एक काका येतात. नाव मी कधी विचारलंच नाही, पण माणूस भारी आहे राव! पाण्यात चालणारा हेडफोन लावून ते पोहता पोहता चक्क पुस्तकं ऐकतात, आणि तीसुद्धा खुनाची! गोष्ट रंगली की पोहायचं विसरून मधेच उभे राहतात. मागचे ओरडतात, "काका, गाडी साइडला घ्या की!" पण काकांचं लक्षच नसतं.

प्रकरण संपलं की कठडा धरून ते मला सगळं सांगतात. हेडफोन काढत नाहीत, त्यामुळे एवढ्या मोठ्यानं बोलतात की अख्खा पूल ऐकतो. "हा वकील लई गोड बोलतोय, त्यानंच मारलंय बघ!" मी म्हणतो, "नाही काका, भाचा!" घरी आपण एकटेच असतो, हे एकदाच बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघालं होतं.

मधे मी इंटरव्ह्यूसाठी पुण्याला गेलो आणि आठ दिवस पोहणं बुडालं. काल गेल्या गेल्या विचारलं, "काका, खुनी कोण निघाला?"

"मला काय माहीत? तू नव्हतास ना! रोज नववंच प्रकरण लावतोय. पाठ झालंय आता."

नोकरी लागली, सोमवारी पुण्याला चाललोय, हे सांगायला मी आलो होतो. सांगून टाकलं.

"अरे वा! पेढे कुठायत?" काका हसले. मग बोटांवर काहीतरी मोजायला लागले.

"सोमवार म्हणजे तीनच दिवस. अजून अकरा प्रकरणं राहिलीत रे."