शहराकडे पाठ

आमची जुनी दगडी गल्ली टेकडी चढत जाते आणि तिच्या वरच्या वळणावर शेजारच्या काकांचा ओटा आहे. तिथून मकबऱ्यापासून स्टेशनापर्यंत अख्खं शहर दिसतं. माझ्या खिडकीतून दिसतात पाण्याच्या टाक्या. आणि हा माणूस रोज संध्याकाळी शहराकडे पाठ करून, गल्लीकडे तोंड करून बसतो! वरच्या मारुतीला निघालेलं कुणी धापा टाकत आलं, की पाण्याचा तांब्या पुढे करून म्हणतो, "दम खा जरा. मारुती काय पळून चाललाय व्हय?" माझा नुसता जळफळाट व्हायचा. असली जागा, आणि ती याला!

परवा ते लग्नाला पैठणला गेले. जाताना मला म्हणाले, "खुर्ची बाहेरच हाय. बसत जा."

मी लगेच जाऊन बसलो, शहराकडे तोंड करून. खाली दिवे लागत गेले. पण पाठीमागून जो येई तो विचारी, "काका नाहीत?" आणि नाहीत म्हटलं की पुढे जाई. शहरावरून माझं लक्षच उडालं.

दुसऱ्या दिवशी मी खुर्ची गल्लीकडे फिरवली, तांब्या भरून ठेवला. एक बाई घामाघूम होऊन आल्या. मी पाणी पुढे केलं, "बसा जरा" म्हटलं. ओट्याला हात टेकवून त्या क्षणभर उभ्या राहिल्या.

"नको भाऊ," म्हणाल्या, "काका आले की बसंन."