गज्यानं हात वर केला तेव्हा

मला आयुष्यात सर्वांत जास्त वेळा आपटणारा माणूस आज सकाळी गेला.

गजानन. आमचा गज्या. हार्ट अटॅक, शेतातच. दवाखान्यात न्यायलाही वेळ दिला नाही लेकानं.

नांदगाव खंडेश्वरच्या पुढे आमचं गाव. मी चढाईचा, गज्या पकडीचा. टीम एकच, पण प्रॅक्टिसला रोज समोरासमोर. माझा डावा घोटा तर मी त्याच्या नावावरच करून दिला होता म्हणा ना.

कबड्डी फक्त टीव्हीवर पाहिलेल्यांसाठी सांगतो. आमच्या मैदानावर कोणी ‘आउट’ होत नाही. गडी मरतो.

आणि आपल्या माणसानं पॉइंट आणला की मेलेला गडी उठतो, पुन्हा आत येतो.

असं मरत-उठत आम्ही दोघं मोठे झालो.

मग ग्रामपंचायतीची निवडणूक आली. एका पॅनलमध्ये गज्याचा मोठा भाऊ, दुसऱ्यात माझे काका.

मतदान झालं, निकाल लागला, गुलाल उधळून झाला. तिथं विषय संपायला पाहिजे होता की नाही? पण नाही!

संत्र्याच्या बागांतले ठिबकचे पाइप कापले गेले. लग्नाच्या पत्रिका अर्ध्याच घरी जायला लागल्या. शाळेत पोरांनी कोणाजवळ बसायचं तेही घरून ठरायला लागलं.

निवडणूक म्हणजे स्पर्धा म्हणे. कशाची डोंबल्याची स्पर्धा! सरळ सरळ युद्ध होतं ते.

आमची टीमही फाटली. एकाचे दोन संघ झाले. आणि त्या वर्षी यात्रेच्या फायनलला तेच दोन संघ समोरासमोर!

अरे, काय मॅच होती ती! आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

शाळेचं मैदान खच्चून भरलेलं. या बाजूला एक पॅनल, त्या बाजूला दुसरं. आणि दोन्हीकडच्या लोकांनी बैलबंडीच्या उभाऱ्या, म्हणजे बाजूचे खुंट, काढून आणलेल्या. ही चांगली हातभर लांब, जाडजूड लाकडं! मॅच कोणी का हरेना, नंतर डोकी फुटणार हे पक्कं होतं. सगळ्यांना फक्त एक निमित्त पाहिजे होतं.

शेवटची चढाई. पॉइंट सारखे. चढाई माझी.

आत गेलो. गज्या कोपऱ्यात वाघासारखा दबा धरून. मी हात टाकला, तो मागे सरला. पुन्हा टाकला. दम संपत आला, तसा मी उडी मारून मध्यरेषेवर पडलो.

हात लागला होता का? आईची शप्पथ, मलाच कळलं नाही.

पंचांनी मान हलवली. पॉइंट नाही.

आमच्या बाजूचे उभे राहिले. "लागला होता! लागला होता!" त्यांच्या बाजूचे उभे राहिले. "नाई लागला!" उभाऱ्या वर झाल्या. माझे काका सगळ्यांत पुढे.

आणि गज्यानं हात वर केला.

"मी मेलो," म्हणाला. "नख लागलं त्याचं. कोपराले."

आणि चालत मैदानाबाहेर गेला. आम्ही जिंकलो.

वर झालेल्या उभाऱ्या तशाच हवेत.

त्याचा भाऊ धावत आला. "गज्या, नाक कापलं तू आपलं! पंचानं देल्लं नोतं, तुले काहून हरिश्चंद्र व्हायचं होतं बे?"

गज्या धापा टाकत होता. म्हणाला, "दादा, इथं मेलेला गडी पाच मिन्टांत उठते. उभारी डोक्यात बसली तं त्याले कोन उठवणार हाये? तू?"

पहिली शिट्टी वाजली ती त्यांच्याच बाजूनं. मग जो कल्ला झाला, जो कल्ला झाला!

गाव काही एका दिवसात सुधारलं नाही. माझे काका आणि त्याचा भाऊ अजूनही बोलत नाहीत. पण त्या दिवशी उभाऱ्या परत बंडीवर गेल्या, आणि एकाही घरात रडारड झाली नाही.

संध्याकाळी गज्या घरी आला. माझ्या पाठीत एक सणसणीत धपाटा हाणला. "मस्त खेळला बे मन्या. पुढच्या वर्षी मातीत गाडतो तुले."

आणि गाडलं! पुढच्या फायनलला असा धरला मला, की आठ दिवस लंगडत होतो. हसत होता वरून.

गज्यासारखा शत्रू सगळ्यांना मिळो रे.

नोकरीनं मी अकोल्यात आलो. तिथं मुलींची टीम शिकवतो. तो गावात मुलींना शिकवायचा. त्याची लेक रेणू त्यांची कॅप्टन. पुढच्या महिन्यात अमरावतीला आमच्या दोन टीमची मॅच आहे.

आज गज्याचं कळलं तसा गावाकडे निघालो, तेवढ्यात आमच्या टीमच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, "सर, बिचारीचे वडील गेले. त्यांना वॉकओव्हर देऊन टाकू." मलाही ते बरोबर वाटलं. हो म्हणून टाकलं.

स्मशानातून परत गज्याच्या घरी आलो तर रेणू दारातच उभी. तिच्यापर्यंत वॉकओव्हरची बातमी पोचली होती.

"काका, तुमी मॅच सोडून राहिले म्हने?"

"पोरी, तुया घरी असं झालं. आमी कोन्या तोंडानं खेळाव?"

"बाबाच्या समोर तुमी कधी मॅच सोडली काय?"

"नाई."

"मंग मले काहून भीक देऊन राहिले?"

मी म्हणालो, "मॅच होईन. अन् माया पोरी तुले पयल्याच चढाईत धरतीन."

डोळ्यांतलं पाणी तसंच ठेवून ती म्हणाली, "धरून तं दाखवा."

गज्या, तुझी पोरगी मैदानात उतरतेय. तिला हरवायला आम्ही जिवाचं रान करू. एक पॉइंटसुद्धा फुकट देणार नाही.

मित्रा, मला श्रद्धांजली अशीच वाहता येते.