बागुलाच्या आईचा खण

देवाधर्मात माझं मन कधी रमलं न्हाई. बायको गेल्यावर तर हात जोडणंच सोडलं. पण तिचं शेवटचं बोलणं कानातून जाईना. त्या दुपारी माझा हात धरून ती म्हणाली होती, "अहो, बागुलाच्या आईचा खण राह्यला. लहानपणी नवस बोलले होते." मी हसलो. म्हणलं, "बागुलबुवाला आई असती व्हय? झोप गुमान." ती झोपली ती उठलीच न्हाई. त्या हसण्यानं मला वर्षभर खाल्लं.

वर्षश्राद्धाला तिची पेटी उघडली, तर तळाशी हिरवा खण. तो घेऊन येड्यासारखा सेनगावच्या बाजारात फिरलो. तिला जन्मभर बांगड्या भरणारे चाचा तिथं बसतात. त्यांच्यापुढं सगळं ओकलो. ते म्हणाले, "अरे भाऊ, बागुल म्हणजे बुवा न्हाई, राजे होते राजे! नाशकाकडं त्यांचा डोंगरी मुलूख. त्यांच्या नावावरूनच बागलाण म्हणतात. डोंगरावर त्यांची देवी बी हाय, तीच बागुलाची आई." तवा डोक्यात उजेड पडला. माझा सासरा लेकरंबाळं घेऊन त्याच बाजूला विहिरी खोदायला जायचा. चाचांनी हिरव्या बांगड्या बांधून दिल्या. "भाभीच्या नावानं आईला वाहा."

दोन एस्टी बदलून डोंगराच्या पायथ्याला पोचलो, नारळ-तांदूळ घेतले. अर्ध्या पायऱ्या चढून दमलो, बसकण मारली. तिथंच ध्यानात आलं, ओटी तर सवाष्णीनं भरायची असती. मी रंडका म्हातारा, एवढ्या लांब येऊन काय करणार? पायरीवर बसून रडलो आणि म्हणलं, "आई, मला जमत न्हाई. आता तूच बघ." जन्मात पहिल्यांदा काही मागितलं.

खालून एक बाई चढत आली, कपाळभर कुंकू. मला पाणी पाजलं. न सांगता पिशवी उचलली, हाताला धरून वर नेलं. देवीला कुंकू लावून तिनं खण, नारळ, तांदळाची ओटी भरली, बांगड्या वाहिल्या. मी विचारलं, "माय, तू कोणाची?"

"बागुलांची सून मी."

मी बघतच राह्यलो. तशी ती हसली, "राजेबिजे नाही हो बाबा, कांदे लावतो आम्ही!"

मीही हसलो. वर्षानं हसलो आणि ते हसू टोचलं न्हाई. डोंगर उतरताना छाती हलकी झाली होती. ती बाई कोणी पाठवली, मला ठाऊक न्हाई, आणि मी विचारतबी न्हाई. माणूस खरंच टेकला की उचलणारा हात येतो, एवढं मात्र कळलं.

आता गल्लीत कोणी लेकराला बागुलाचं भ्या दाखवलं, की मी म्हणतो, "भिऊ नको रे, त्याची आई हाय वर."